चिठ्ठीवर न लिहिलेली ओळ

घर लहान असो की मोठे, आपल्याकडे त्यात एक पिशवी ठरलेली असते. बहुधा एखाद्या साड्यांच्या दुकानाची, नाहीतर मेडिकलचीच. तिच्यात रक्ततपासणीचे कागद, जुने एक्स-रे, गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या आणि उघडून-मिटून घडीवर फाटत आलेली डॉक्टरांची चिठ्ठी. घरात वडीलधाऱ्यांना बीपी किंवा शुगर असली, की या पिशवीला देवघराच्या खालोखाल मान येतो. महिना संपत आला की कुणीतरी ती चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जाते. चिठ्ठी सापडली नाही तर गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन जाते. दुकानदार पट्टी उलटसुलट करून पाहतो, फळीवरून तसलीच एक काढून देतो, पैसे घेतो. व्यवहार संपला. चिठ्ठीवरची तारीख कोणी वाचत नाही. ती कधीकधी दोन वर्षांपूर्वीची असते!

माझी हयात बँकेत गेली. तारीख न वाचता पैसे देणे हा आमच्या काउंटरवर गुन्हाच होता. चेकची मुदत पूर्वी सहा महिने असे. १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिने झाली. त्यानंतर एक दिवस जरी उलटला, तरी खातेदार कितीही ओळखीचा असो, चेक परत. खातेदार रागावत, आम्ही नियम दाखवत असू. मग जी चिठ्ठी माणसाच्या रक्तात काय जाणार हे ठरवते, तिला मुदत नाही का? हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला, आणि तो पडायला कारण झाला घरच्या घरी तयार केलेला एक छोटासा संगणकीय कार्यक्रम.

कायदा काय म्हणतो?

आधी नियमाचे सांगतो, कारण जुनी सवय जात नाही. आपल्याकडे औषधविक्रीचे नियमन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम करतात. त्यातला ६५ वा नियम प्रत्येक कुटुंबाने माहीत करून घ्यावा असा आहे. ज्या औषधांच्या पट्टीवर ‘शेड्यूल एच’चा इशारा छापलेला असतो, त्यांची चिठ्ठी कशी असावी हे तो सांगतो. ती लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचे नाव-पत्ता हवा, औषध एकूण किती द्यायचे आणि कोणत्या मात्रेत घ्यायचे हे हवे.

पुढचे कलम तर अधिक महत्त्वाचे. अशा चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे. ते पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी स्वतः चिठ्ठीवर लिहिले असेल तरच पुन्हा. ‘इतक्या वेळा’ किंवा ‘इतक्या दिवसांनी’ असे लिहिले असेल, तर तेवढेच आणि तसेच. आणि दर वेळी औषध देताना दुकानदाराने आपले नाव, पत्ता आणि तारीख त्या चिठ्ठीवर नोंदवायची.

म्हणजे ‘पुन्हा द्या’ या दोन शब्दांना कायद्यात जागा आहे. ते दोन शब्द, एक आकडा आणि एक अंतर. बँकेच्या भाषेत याला आम्ही ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ म्हणत असू. दर महिन्याच्या ५ तारखेला अमुक रक्कम अमुक खात्यात वळती करा, अमुक महिन्यापर्यंत. शेवटचे ‘पर्यंत’ नसेल तर आम्ही खातेदाराला खुर्चीवर बसवून ते लिहून घेत असू.

अक्काच्या सात गोळ्या

माझी थोरली बहीण पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, पुण्यात संगणकाचे काम करते. अक्काची आणि मेव्हण्यांची मिळून सात प्रकारची औषधे. ती एकाच दिवशी कधी संपत नाहीत. एक पट्टी १० ची, एक १४ ची, एक १५ ची. रोज एक गोळी असली तर १४ च्या दोन पट्ट्या २८ दिवसच पुरतात, आणि महिना असतो ३० किंवा ३१ चा. महिन्याला दोन पट्ट्या असा हिशेब धरणाऱ्याची डबी दर महिन्याला दोन-तीन दिवस रिकामी राहते. बीपी वाढले तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, त्यामुळे हे रिकामे दिवस कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

दिवाळीत भाची आली होती. ती म्हणाली, “मामा, तुम्ही आयुष्यभर खाती लिहिलीत. आईबाबांच्या गोळ्यांची खाती लिहून द्या, बाकी मी बघते.” मी होकार दिला. खाते म्हटले की अजून हात शिवशिवतात.

खुणांची भाषा

तिने जी पद्धत वापरली तिचे नाव एक्सएमएल. नाव परके वाटते, पण वस्तू आपल्या रोजच्या वापरातली आहे. वर्डमध्ये लिहिलेल्या मजकुराच्या फाइलीच्या नावामागे ‘डॉक्सएक्स’ असे शेपूट असते, त्यातला शेवटचा ‘एक्स’ या एक्सएमएलचाच. माझ्या अलीकडच्या कादंबऱ्या मी नकळत याच भाषेत साठवून ठेवल्या होत्या म्हणायचे! वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने तिचे नियम १० फेब्रुवारी १९९८ रोजी शिफारस म्हणून जाहीर केले.

कल्पना अगदी सोपी आहे. प्रत्येक माहितीला आधी एक सुरुवातीची खूण आणि नंतर एक शेवटची खूण लावायची. आणि गंमत म्हणजे या खुणांची नावे देवनागरीतही देता येतात. डॉक्टर ज्याला ‘१-०-१’ लिहितात, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, ते आम्ही असे लिहिले:

<सकाळ>१</सकाळ> <दुपार>०</दुपार> <रात्र>१</रात्र>

तिरक्या रेघेची खूण म्हणजे ‘येथे संपले’. अशा खुणांनी बांधलेली औषधे एका चिठ्ठीच्या खुणेत, चिठ्ठ्या एका माणसाच्या खुणेत आणि दोन्ही माणसे एका घराच्या खुणेत. डब्यात डबा ठेवावा तसे. अंजन मिळो न मिळो, अक्कालासुद्धा ही फाइल वाचता आली असती. तिने वाचलीही, चष्मा लावून, आणि मेव्हण्यांच्या रात्रीच्या गोळीचा आकडा बरोबर आहे अशी पावती दिली.

ही फाइल वाचून तिचे तुकडे सुटे करणाऱ्या कार्यक्रमाला पार्सर म्हणतात. तो पायथन या भाषेसोबत फुकट मिळतो. पुढचे काम तिसरीच्या मुलाचे गणित. १ मार्चला ३० गोळ्या आणल्या, रोज एक, तर २५ तारखेची गोळी घेतल्यावर डबीत पाच उरतात आणि ३१ ला डबी रिकामी. पाच उरल्या की कार्यक्रमाने भाचीला सांगायचे. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजाराने पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून, किती पाणी आहे ते पाहून मग कोणते पीक घ्यायचे हे ठरवायची शिस्त लावली, आणि त्या गावाचे नाव देशभर झाले. आम्ही तोच ताळेबंद गोळ्यांचा मांडत होतो.

यंत्र अडते तेव्हा

या पार्सरचा स्वभाव मला फार आवडला. सुरू झालेली एखादी खूण बंद झाली नाही, तर तो पुढे जात नाही. अमुक ओळीत चूक आहे असे सांगतो आणि थांबतो. औषधाच्या दुकानाच्या नावात इंग्रजी ‘अँड’चे वेटोळे चिन्ह जसेच्या तसे टाकले तरी थांबतो, कारण त्याच्या भाषेत त्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे. वेबपाने दाखवणारे ब्राउझर असे नसतात. पानात चुका असल्या तरी अंदाजाने सावरून घेतात. एक्सएमएलचे नियम ठरत होते तेव्हाही याच मुद्द्यावर वाद झाला होता, की चूक दिसली तर यंत्राने सावरून घ्यावे की थांबावे? थांबावे, असे ठरले.

वर्तमानपत्र वाचताना अंदाज चालतो, औषधात चालत नाही. ‘मेटफॉर्मिन’ शुगरसाठी असते आणि ‘मेट्रोनिडाझोल’ जंतुसंसर्गासाठी. घाईच्या अक्षरात दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला, तो उगाच नव्हे.

पण एक गोष्ट मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावी. पार्सर फक्त मांडणी तपासतो, खरेखोटे तपासत नाही. वाक्य व्याकरणशुद्ध असले म्हणून ते खरे असतेच असे नाही, हे कादंबरीकाराला वेगळे सांगायला नको. आणि ताळा जमला म्हणजे रक्कम योग्य खात्यात पडली असे नाही, हे बँकेतल्या माणसाला. खरेखोटे तपासण्यासाठी आम्हाला स्वतःचे नियम घालावे लागले. नाव रिकामे नको. एकूण गोळ्या रिकाम्या नकोत. सहीची तारीख रिकामी नको. आणि मी ६५ व्या नियमाप्रमाणे आणखी एक खूण घालायला लावली: ‘किती वेळा’.

भाचीने कार्यक्रम चालवला. मांडणी शुद्ध निघाली, आणि लगेच पडद्यावर सात ओळी आल्या. सातही औषधांसमोर एकच शेरा: ‘किती वेळा’ रिकामे.

सातपैकी एकाही औषधासमोर ही ओळ लिहिलेली नव्हती. तिथे आकडा नव्हताच, आणि वर्षानुवर्षे औषधे दर महिन्याला येत होती.

भाची म्हणाली, “मामा, इथे सगळीकडे बारा घालू का? म्हणजे वर्षभर अडायचं नाही.”

मी विचारले, “कुणाच्या अधिकारात?”

ती हसली, पण तिने आकडा घातला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काला आणि मेव्हण्यांना घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी शांतपणे सगळी यादी पाहिली. बीपीच्या गोळीसमोर त्यांनी सहा वेळा असे लिहिले. शुगरच्या गोळीसमोर तीन वेळा, आणि पुढे ‘नंतर रक्त तपासून’. मेटफॉर्मिनचा डोस ठरवताना मूत्रपिंडाचे काम पाहावे लागते, हे त्यांनी समजावूनही सांगितले. मग त्यांचे बोट एका गोळीवर थांबले. ती गुडघेदुखीची वेदनाशामक गोळी होती. त्यांनी ती दहा दिवसांपुरती दिली होती. अक्का ती पट्टी दाखवून दाखवून कितीतरी महिने आणत होती, आणि मेडिकलवरचा माणूस देत होता. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर बीपी वाढू शकते आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. बीपी आटोक्यात येत नाही म्हणून अक्का उपास धरत होती आणि मीठ सोडत होती!

त्या दिवसापासून गोळ्या सातवरून सहावर आल्या.

आमच्या कार्यक्रमाने रोगनिदान केले नाही, करूही नये. त्याने रिकाम्या जागेवर बोट ठेवले, एवढेच. पण कोणीच न विचारलेला प्रश्न त्याच्यामुळे विचारला गेला.

कोयत्याबरोबर जाणारी चिठ्ठी

अक्काला निदान डॉक्टर जवळ आहेत आणि पुण्याची मुलगी आहे. माझ्या नोकरीची बरीच वर्षे पाथर्डी-शेवगाव पट्ट्यात गेली, त्यामुळे मला राहून राहून दुसऱ्याच माणसांची आठवण येत होती. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातली गावेच्या गावे अर्धी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना त्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणूनच मोजतात, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर भरून साखर कारखान्यांकडे निघतात. कुणी आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी.

त्यांच्यातही बीपी आहे, शुगर आहे. निघताना महिन्याच्या गोळ्या बांधून घेतल्या तर त्या पहिल्याच महिन्यात संपतात. पुढे फडात पहाटेपासून तोडणी, रात्री गाडी भरणे. नव्या गावात डॉक्टर शोधायचा तर दिवसाचा रोज बुडतो. मग एक तर गोळी बंद होते, नाहीतर पट्टी दाखवून मिळेल ती घेतली जाते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर ‘दर तीस दिवसांनी, सहा वेळा’ एवढी ओळ असेल, तर ती चिठ्ठी घेऊन तो कोणत्याही गावच्या परवानाधारक मेडिकलमध्ये नियमाने औषध मागू शकतो. आणि हंगाम संपल्यावर ‘सहा वेळा’ संपलेले असतात, म्हणून त्याला तपासणीला जावेच लागते. एका ओळीत सोयही आहे आणि लगामही.

आपल्या जिल्ह्याला हे विचार नवे नाहीत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आपला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या कित्येक बायका त्यांनी गावोगावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषध दवाखान्यात असून भागत नाही, ते कोणाच्या घरी पोचले आणि कोणाच्या घरी नाही हे गावातल्याच कुणाला तरी माहीत असावे लागते, हे जामखेडने दाखवले. संगणकाने करायचे काम याहून निराळे नाही.

साताऱ्यापासून भंडाऱ्यापर्यंत

हेच काम मोठ्या प्रमाणावर झालेले आपल्या राज्यात आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम पाच राज्यांत सुरू केला. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. त्याची सूत्रे अगदी साधी. औषधयोजना ठरलेली आणि सोपी. गोळ्यांचा साठा कायम. डॉक्टरांच्या जोडीला परिचारिका आणि आरोग्य कर्मचारी. दर महिन्याची गोळी आणि बीपीची तपासणी रुग्णाच्या घराजवळच्या केंद्रात. आणि नोंद चोख.

नोंदीसाठी तिथे ‘सिंपल’ नावाचे मोबाइल अ‍ॅप वापरले गेले. रुग्णाचे बीपी, औषधे आणि पुढची तारीख एवढे त्यात भरायचे. तारीख उलटली आणि माणूस आला नाही, की त्याचे नाव थकबाकीदारांच्या यादीत येते आणि कर्मचारी फोन करतो. थकबाकीची यादी! बँकेत ती वसुलीसाठी निघे. इथे ती माणूस हातचा जाऊ नये म्हणून निघते. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्यामागचे यंत्र फार हुशार नव्हते. त्याला फक्त कोण यायचे राहिले आहे हे ठाऊक होते.

सप्टेंबर २०२१ पासून देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले आणि १४ आकडी ‘आभा’ क्रमांक निघाले. उद्या चिठ्ठ्याही त्यावरून फिरतील. तेव्हा नवेच घोळ निघतील, त्यांची चुणूक आम्हाला घरीच दिसली. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अक्काच्या जुन्या कागदांवर अहमदनगर, एका पावतीवर नुसते नगर, नव्या कागदावर अहिल्यानगर. माणसाला हा एकच पत्ता आहे हे समजते. यंत्राच्या लेखी ते तीन निरनिराळे गाव. तीन नावे एकाच ठिकाणची, हे त्याला लिहून द्यावे लागले.

आपण काय करावे?

असा कार्यक्रम ज्याने त्याने करावा, असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्या घरी संगणक जाणणारी मुले आहेत त्यांनी जरूर करावा. एका रविवारचे काम आहे. मात्र ही फाइल साधा मजकूर असते, उघडली की कोणालाही वाचता येते, तेव्हा ती फोनवरून इकडेतिकडे पाठवू नये. आणि गोळ्या संपत आल्या की आपोआप मागवण्याची सोय त्यात ठेवू नये. परवानगी संपली की कार्यक्रमाने एकच वाक्य दाखवावे: डॉक्टरांना भेटा.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांना शाळेची शंभर पानी वही पुरेल. औषधाचे नाव, मात्रा, आणलेल्या गोळ्या, आणल्याची तारीख, संपण्याची तारीख आणि किती वेळा. सहा रकाने. पट्टी टाकून देण्याआधी तिच्यावरचे मूळ औषधाचे नाव त्यात उतरवून घ्यावे. मेडिकलवर गेलात की चिठ्ठीवर तारीख आणि शिक्का मागून घ्यावा. तो आपला हक्क आहे आणि प्रामाणिक दुकानदाराला त्याचा राग येत नाही.

आणि पुढच्या वेळी डॉक्टर चिठ्ठी फाडून हातात देतील, तेव्हा उठण्यापूर्वी नम्रपणे एवढेच विचारावे: “डॉक्टर, हे किती वेळा आणायचं? तेवढं लिहून द्याल का?” त्यांना लिहायला दहा सेकंद लागतील. दवाखाना कितीही भरलेला असो, तेवढा वेळ त्यांच्याकडे असतो.